ग्रामशाळा आणि लेखणी : वर्धा अहवाल व ओखल्याचा प्रयोग

१

भारतातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा कायद्यांच्या आणि समित्यांच्या अनुक्रमाने लिहिला जातो. १९१८ चा पटेल कायदा, १९२३ चा मुंबई इलाख्याचा कायदा, १९२९ चा हारटोग समितीचा अहवाल, १९३७ ची वर्धा परिषद, १९४४ ची सार्जंट योजना आणि त्यानंतर संविधानाचे ४५ वे कलम, अशा टप्प्याटप्प्यांनी तो पुढे सरकतो. या इतिहासाला स्वतःचे मोल आहे. परंतु ज्या माणसाच्या हातून ही सारी कलमे अखेर अमलात यावयाची होती, तो खेड्यातील प्राथमिक शिक्षक आकडेवारीच्या रकान्यापलीकडे त्यात क्वचितच आढळतो. तो किती पगार घेत होता हे कळते. त्याच्याकडून कोणती अपेक्षा केली जात होती आणि ती अपेक्षा कोणाच्या हिताची होती, हे मात्र कळत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास ग्रामीण शिक्षकाविषयी या देशात तीन वेगवेगळ्या कल्पना वावरत होत्या. पहिल्या कल्पनेत शिक्षक हा सरकारचा गावातील आवाज होता. दुसरी कल्पना कोणी मांडली नव्हती, ती परिस्थितीने घडवली होती. तीत शिक्षक हा निरक्षर गावाची उसनी लेखणी होता. तिसरी कल्पना वर्ध्याच्या अहवालात शब्दबद्ध झाली. तिच्यानुसार शिक्षकाने गावाच्या हाती गावाची स्वतःची लेखणी द्यावयाची होती आणि तसे करताना स्वतःची गरज हळूहळू संपवावयाची होती. पहिल्या आणि तिसऱ्या कल्पनेची कसोटी दिल्लीच्या परिसरात, एकमेकींपासून फारशा दूर नसलेल्या दोन ठिकाणी लागली. एक ठिकाण नैऋत्येचे गुडगाव, दुसरे आग्नेयेस यमुनाकाठचे ओखला. दुसऱ्या कल्पनेचे चित्र मराठी वाचकाला त्याच्या स्वतःच्या वाङ्मयातच सापडते.

२

गुडगाव जिल्हा त्या वेळी पंजाब प्रांतात मोडत असे. १९२० ते १९२७ या काळात फ्रँक ल्युगार्ड ब्रेन हे तेथे डेप्युटी कमिशनर होते. खेड्यांच्या सुधारणेची त्यांची तळमळ खरी होती, याविषयी त्यांच्या टीकाकारांनीही फारशी शंका घेतलेली नाही. शेणखतासाठी खड्डे खणावेत, शेणाच्या गोवऱ्या जाळू नयेत, घरांना खिडक्या ठेवाव्यात, हिवतापावर क्विनाइन घ्यावे, चांगल्या जातीचे वळू पाळावेत, मुलींना शाळेत पाठवावे, असा त्यांचा कार्यक्रम होता. हा कार्यक्रम गावोगाव पोचवण्यासाठी त्यांनी गुडगाव येथे ग्रामीण अर्थव्यवहाराची एक शाळा काढली आणि तेथे शिक्षकांना व ग्राममार्गदर्शकांना तयार करण्यास प्रारंभ केला. खेड्यातला शिक्षक हा लिहितावाचता येणारा, रोज गावात असणारा आणि सरकारी पगार घेणारा माणूस. तेव्हा प्रचाराचे काम त्याच्यावर सोपवावे, हा विचार प्रशासकाच्या दृष्टीने स्वाभाविक होता.

‘रिमेकिंग ऑफ व्हिलेज इंडिया’ आणि ‘सॉक्रेटिस इन ॲन इंडियन व्हिलेज’ या १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकांवरून या योजनेचे मर्म ध्यानी येते. दुसऱ्या पुस्तकाची रचना संवादांची आहे. परंतु त्यात प्रश्न विचारणारा शहाणा हा बाहेरून आलेला आहे आणि उत्तर देता देता आपले अज्ञान कबूल करणारा हा नेहमी खेडूत आहे. गावाला सांगण्यासारखे काही असू शकते, ही शक्यता त्या संवादात डोकावत नाही. शिक्षकाचे स्थानही त्याच साच्यातले होते. तो वरून आलेला संदेश खाली पोचवणारा दुवा होता. ब्रेन यांची बदली होताच गावोगावचे खड्डे बुजू लागले, मार्गदर्शक ओसरले आणि हा गाजलेला उपक्रम पाहता पाहता विस्कळित झाला. ज्या सुधारणेचा आधार एका अधिकाऱ्याची उपस्थिती हा असतो, तिचे आयुष्य त्याच्या नेमणुकीइतकेच असते.

याच सुमारास हारटोग समितीने जे आकडे पुढे ठेवले, ते ग्रामीण शिक्षणाच्या मुळावर बोट ठेवणारे होते. १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथ्या इयत्तेत अवघी १८ मुले उरली होती. उरलेली मुले अक्षरओळख होते न होते तोच गुरांमागे किंवा शेतावर परतली आणि जे शिकली होती ते विसरली. समितीने याला अपव्यय म्हटले. परंतु पालकाच्या बाजूने पाहिले तर त्यात अविचार नव्हता. जी शाळा मुलाच्या आयुष्याशी काही बोलत नव्हती, तिच्यातून त्याला काढून घेण्यात त्याचे फारसे नुकसान होत नव्हते. एकच शिक्षक, चार इयत्ता, धर्मशाळेत किंवा चावडीत भरणारा वर्ग, घोकून म्हटलेली उजळणी, आणि वर्षातून एकदा साहेबांची तपासणी व शेरेबुकातला शेरा, या चौकटीत बहुसंख्य ग्रामशाळा चालत होत्या.

३

गुडगावात सरकारी बळावर चाललेल्या या उद्योगाच्या वेळीच दिल्ली शहरात सरकारी बळ मुद्दाम नाकारणारी एक संस्था तग धरून होती. असहकाराच्या लाटेत २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे स्थापन झालेली जामिया मिल्लिया इस्लामिया १९२५ मध्ये दिल्लीच्या करोल बागेत आली. तिला सरकारी अनुदान नव्हते आणि तिच्या पदव्यांना सरकारदरबारी मान्यता नव्हती. खिलाफतीचे आंदोलन ओसरल्यावर ती बंद पडणार असे अनेकांना वाटत होते. १९२६ च्या प्रारंभी डॉ. झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब हे तिघे तरुण जर्मनीतले शिक्षण संपवून तिच्यात दाखल झाले. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान निवर्तले आणि आर्थिक आधारही तुटला. तेव्हा १९२८ मध्ये अध्यापकांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी एक मंडळ स्थापन करून प्रतिज्ञा घेतली, की वीस वर्षे ते या संस्थेची सेवा करतील आणि दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन घेणार नाहीत. पुढे संस्थेचा खर्च लहान लहान देणगीदारांच्या वर्गणीतून चालला.

या प्रतिज्ञेतील त्यागाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु तिचे शैक्षणिक महत्त्व त्यागापेक्षा वेगळे आहे. ज्यांनी स्वतः नियम केले, स्वतः वेतन ठरवले आणि ज्यांच्यावर कोणा निरीक्षकाचा शेरा लागू नव्हता, असे शिक्षक प्रथमच प्राथमिक वर्गावर उभे राहिले. जामिया नावाने विद्यापीठ असली, तरी तिचा जीव प्राथमिक शाळेत होता. १ मार्च १९३५ रोजी ओखल्यास नव्या वास्तूची कोनशिला बसवण्याची वेळ आली, तेव्हा ती कोणा नेत्याच्या अगर संस्थानिकाच्या हस्ते न बसवता शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थी अब्दुल अझीझ याच्या हस्ते बसवण्यात आली. समारंभाच्या या निवडीत संस्थेची मूल्यव्यवस्था उघड झाली होती.

प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मधोली या शिक्षकांनी प्रकल्पपद्धतीचे प्रयोग वर्षानुवर्षे चालवले. मुलांची बँक, मुलांचे दुकान, कोंबड्यांचे व पक्ष्यांचे संगोपन अशा कामांभोवती गणित, लेखन, निसर्गज्ञान गुंफले जाई. दुकानाचा हिशेब चुकला तर त्याचा परिणाम दुकानातच दिसे. त्यासाठी छडीची आवश्यकता नसे. बर्लिनहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या बाईंनी वसतिगृहातील लहान मुलांच्या संगोपनास स्वतःला वाहून घेतले आणि १९४३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. झाकिर हुसेन स्वतः मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहीत. ‘अब्बू खाँ की बकरी’ ही त्यांतली सर्वांत गाजलेली. जर्मनीतील केर्शेनस्टाइनर यांच्या श्रमशाळेच्या विचाराचा त्यांच्यावर ठसा होता. तथापि शिक्षकाविषयीचे त्यांचे चिंतन केवळ उसने नव्हते. शिक्षकाच्या आयुष्याच्या ग्रंथावर विद्येचे नाव नसून प्रेमाचे नाव असते, अशा आशयाचा विचार त्यांनी उर्दू भाषणांतून मांडला. अधिकार गाजवण्याची हौस असलेल्या माणसाला त्यांच्या मते या व्यवसायात स्थान नव्हते.

४

अशा पार्श्वभूमीचा माणूस २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथील परिषदेस आला. महात्मा गांधी अध्यक्ष होते. सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती आणि दारूबंदीमुळे अबकारी उत्पन्न बुडाल्यावर शिक्षणाचा खर्च कोठून करावयाचा हा प्रश्न उभा होता. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाचे केंद्र, आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शिक्षकांचा पगार हळूहळू निघेल ही अपेक्षा, असे चार ठराव परिषदेने केले.

यांपैकी चौथ्या ठरावाविषयी झाकिर हुसेन यांनी परिषदेतच स्पष्ट इशारा दिला. शाळा स्वावलंबी करण्यावर जोर दिला तर शिक्षक गुलामांवरचा मुकादम होईल आणि गरीब मुलांच्या श्रमांचे शोषण करील; तसे झाले तर टकळी पुस्तकाहूनही वाईट ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधीजींचे मोठेपण असे, की हा आक्षेप घेणाऱ्यालाच त्यांनी अभ्यासक्रम समितीचे अध्यक्षपद दिले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शहा, के. जी. सैयदैन, आशादेवी आदी मंडळी होती; आर्यनायकम् निमंत्रक होते. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांत, समितीने अहवाल सादर केला. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजनेचे तत्त्व स्वीकारले. पुढे सेवाग्राम येथे हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि झाकिर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले.

अहवालातील दिनक्रम सर्वांत अधिक चर्चिला गेला. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे, शरीरशिक्षणाला १० आणि सुटीला १० मिनिटे, अशी ही वाटणी होती. वर्षाचे कामाचे दिवस २८८ धरले होते. टीकाकारांनी ३ तास २० मिनिटांकडे बोट दाखवून ही शाळा नसून कारखाना आहे असे म्हटले. अनुयायांनी याच आकड्याचा मंत्र केला. दोघांनीही अहवालातील इतर काही आकडे दुर्लक्षिले. एका शिक्षकाकडे ३० हून अधिक मुले असू नयेत. शिक्षकाचे वेतन सरासरी २५ रुपये असावे आणि कोठेही २० रुपयांखाली जाऊ नये. शिक्षकाचे पूर्ण प्रशिक्षण तीन वर्षांचे असावे, निकडीपुरते एक वर्षाचे. योजनेचा भार कोणावर आहे, हे या आकड्यांवरून कळते. पुस्तकावरून शिकवणे सोपे असते, कारण पुस्तक क्रम लावून देते. सूत कातताना निघालेल्या प्रश्नातून गणित, भूगोल व इतिहास उलगडणे, म्हणजे विनोबांच्या परंपरेत ज्याला समवाय म्हटले जाते ते साधणे, यासाठी शिक्षकाजवळ स्वतःची बुद्धी, स्वतःचा वेळ आणि चुकण्याचे स्वातंत्र्य असावे लागते. अहवालाने या तिन्हींची किंमत मांडली होती. परंतु ती देण्याची तयारी पुढे फार थोड्या ठिकाणी दिसली.

५

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या अहवालातील मातृभाषेचा भाग वेगळा काढून वाचावा, इतका तो महत्त्वाचा आहे. सात वर्षांच्या अखेरीस मुलाला भाषेच्या बाबतीत काय यावे, याची एक यादीच समितीने दिली. भोवतालच्या वस्तू, माणसे व घटना यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे; दिलेल्या विषयावर सुसंगत बोलता यावे; मनात वेगाने व समजून वाचता यावे; अनुक्रमणिका व सूची वापरता यावी, शब्दकोश पाहता यावा; सुवाच्य व शुद्ध लिहिता यावे; खाजगी व व्यवहाराची साधी पत्रे लिहिता यावीत; नामांकित लेखकांचा परिचय व्हावा. आणि या यादीतच एक अपेक्षा अशी आहे, की गावात एखाद्या सहकारी कामासाठी सभा भरली तर तिचा वृत्तान्त मुलाला साध्या, स्पष्ट भाषेत लिहिता यावा.

या एका अपेक्षेत मोठी सामाजिक कल्पना सामावलेली आहे. पिढ्यानुपिढ्या खेड्यात लेखणी थोड्यांच्या हाती होती. कुळकर्ण्याच्या दप्तरात जमिनीचा इतिहास होता, सावकाराच्या वहीत कर्जाचा आणि पोलीसपाटलाच्या कागदात गुन्ह्याचा. गावाने काय ठरवले, याचा गावाच्या शब्दांतला कागद मात्र कोठे नव्हता. चौदा वर्षांच्या शेतकऱ्याच्या अथवा विणकराच्या मुलाने सभेचा वृत्तान्त लिहावा, असे म्हणणे म्हणजे या मक्तेदारीला शाळेच्या मार्गाने शह देणे होते. शब्दकोश पाहण्याची आणि सूची वापरण्याची अपेक्षाही याच जातीची आहे. जो शब्दकोश पाहू शकतो त्याला शब्दाचा अर्थ गुरुजींना विचारावा लागत नाही. भाषेच्या या तक्त्याचा शेवट विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्यात आणि शिक्षकाच्या निवृत्तीत होतो. ब्रेन यांच्या शिक्षकाहून हा शिक्षक मूलतः निराळा आहे. तो गावाशी बोलण्यासाठी नेमलेला नसून गाव बोलते व्हावे यासाठी नेमलेला आहे.

लिपीच्या बाबतीतही अहवालाची भूमिका अशीच उदार होती. हिंदुस्तानी भाषिक प्रदेशांत शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला नागरी व उर्दू या दोन्ही लिप्या याव्यात, असे त्याने सुचवले. शेजाऱ्याचे पत्र शेजाऱ्याला वाचता यावे, इतका साधा हा हेतू होता. पुढील दहा वर्षांत राजकारणाने या सूचनेची जी वासलात लावली, ती सर्वज्ञात आहे.

६

या कल्पनेला ज्या वास्तवाशी झगडावयाचे होते, त्याचे विश्वसनीय चित्र व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त आहे. १९५५ मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली, परंतु तिच्यातला काळ औंध संस्थानाचा आहे. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, तेव्हा शाळा जवळजवळ मोडलेली असते. मुले मेंढरांमागे असतात आणि मेंढरांवाचून पोट नसते. हळूहळू वाडी त्याला आपला म्हणते. पण ती त्याच्याकडे येते ती तालुक्याच्या गावची कामे, पैशाअडक्याचे व्यवहार, भांडणतंटे यांसाठी. मास्तराच्या अक्षरज्ञानाचा गावाला उपयोग आहे, गावाला अक्षरज्ञान हवेच आहे असे नाही. शेवटी दुष्काळ वाडी ओस पाडतो आणि शाळेबरोबर मास्तराचे कामही संपते.

या कादंबरीकडे ग्रामीण जीवनाचे चित्र म्हणून पुष्कळ पाहिले गेले आहे. शिक्षणाच्या इतिहासातील पुरावा म्हणून तिच्याकडे पाहिले, तर दुसरी गोष्ट जाणवते. गावाची उसनी लेखणी होणे हे शिक्षकाच्या प्रतिष्ठेचे कारणही आहे आणि त्याच्या अपयशाचे चिन्हही. त्याच्यावाचून गावाचे अडते म्हणून त्याला मान आहे. परंतु दहा वर्षांनी आणखी एका मास्तरावाचून तितकेच अडणार असेल, तर शाळेने काय साधले, हा प्रश्न उरतो. वर्ध्याच्या समितीने नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. तिने मेंढरे व शाळा, पोट व पाटी यांतील विरोध मिटवण्यासाठी उद्योगच शाळेत आणला. हे उत्तर प्रत्येक वाडीला पुरे पडले असते असे नाही. धनगराच्या मुलाचा उद्योग सूतकताई नव्हता आणि दुष्काळाला कोणत्याही अभ्यासक्रमात उतारा नसतो. पण प्रश्न अचूक ओळखला गेला होता.

७

योजना प्रांतांत गेली तशी तिची वाट बिकट होत गेली. मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली. शाळेला जमीन मिळावी आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च निघावा असा तिचा घाट होता. ‘मंदिर’ या शब्दावरून मुस्लिम समाजात संशय उत्पन्न झाला आणि १९३८ च्या पीरपूर अहवालाने अशा तक्रारींना राजकीय धार दिली. ज्या अभ्यासक्रमाचा कर्ता जामियाचा प्रमुख होता, तोच मुसलमानांच्या संस्कृतीवरील घाला म्हणून रंगवला गेला. उलट बाजूने बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय सल्लागार मंडळाच्या समितीने १९३८ मध्ये योजनेची छाननी करून तिचा प्रारंभ ग्रामीण भागात करावा असे सुचवले, आणि तिला पक्षापलीकडची मान्यता मिळण्याचा मार्ग खुला झाला.

शिक्षक तयार केल्यावाचून योजना म्हणजे कोरा कागद, हे ओळखून १९३८ मध्ये ओखल्यास ‘उस्तादों का मदरसा’ सुरू करण्यात आला. त्याच वर्षी शफीकुर्रहमान किदवाई यांनी प्रौढशिक्षणाचा विभाग काढला आणि नवसाक्षरांसाठी सोप्या भाषेत छोटी छोटी पुस्तके लिहवून घेतली. मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यास झाली. त्यानंतर लवकरच प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ओरिसा सरकारने १९४१ च्या प्रारंभी आपल्या मूलोद्योग शाळा बंदही केल्या. बिहारातील चंपारणच्या शाळा मात्र टिकल्या. अशा उतरत्या काळात, एप्रिल १९४१ मध्ये, दुसरी परिषद जामियानगर येथे भरली. सरकारी आश्रय गेल्यावरही ज्यांनी काम सोडले नाही, अशांचा तो मेळावा होता.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. नेहरू, आझाद आणि जिना एकाच व्यासपीठावर बसले असताना झाकिर हुसेन यांनी त्यांना देशात भडकलेली आग विझवण्याची विनवणी केली. माणुसकीच जळत असताना माणसे घडवण्याचे काम शिक्षकाने कसे करावे, हा त्या भाषणाचा गाभा होता. दहा महिन्यांत ती आग ओखल्याच्या वेशीपर्यंत आली. सप्टेंबर १९४७ मध्ये करोल बागेतील जामियाची पुस्तके व प्रकाशनसंस्था नष्ट झाली, शाळा वाचली. गांधीजी दिल्लीस पोचताच जामियाला भेट देऊन आले. ज्या परिसरात शेजाऱ्याची लिपी शेजाऱ्याला यावी असे शिकवले जात होते, त्याच परिसरात शेजारी राहिलाच नाही, अशी कित्येक गावांची अवस्था झाली.

८

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण हे राष्ट्रीय धोरण झाले आणि येथूनच त्याच्या ऱ्हासास आरंभ झाला, हे विधान विचित्र वाटले तरी खरे आहे. शाळांवरच्या पाट्या बदलल्या. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव त्या काळाची खूण म्हणून पुढेही राहिले. टकळ्या, पेळू आणि चरखे यांचे वाटप झाले. त्यांची नोंद ठेवण्यासाठी शिक्षकाला आणखी वह्या भराव्या लागल्या. वर्गात मुले तीस न राहता साठ झाली, प्रशिक्षण आटोपते घेण्यात आले, आणि सूत किती निघाले हे पाहणारा अधिकारी आला. मुलाला सभेचा वृत्तान्त लिहिता येतो का, हे मात्र क्वचितच पाहिले गेले. १९५६ मध्ये जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखालील मूल्यमापन समितीने अंमलबजावणीतील उणिवांवर आणि प्रशासनाच्या अनास्थेवर बोट ठेवले. १९५८ मधील सरदार पटेल स्मारक व्याख्यानांत झाकिर हुसेन यांनी शैक्षणिक श्रम म्हणजे काय याची पुन्हा मुळापासून मांडणी केली; वीस वर्षांनंतर मूळ व्याख्येकडे परतावे लागणे हे पुरेसे बोलके आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मूलोद्योगाऐवजी कार्यानुभव हा शब्द पुढे आणला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक होते आणि ग्रामशाळेचे दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्यासारख्याच्या सहभागाने हा बदल व्हावा, यावरून जुना शब्द किती झिजला होता ते दिसते.

ओखल्याच्या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जामियाची प्राथमिक शाळा खेड्यात होती, पण खेड्याची नव्हती. तिची बरीच मुले वसतिगृहात राहणारी, दूरच्या शहरांतून व कसब्यांतून आलेली होती. प्रतिज्ञाबद्ध, विद्वान आणि एकमेकांचे मित्र असलेल्या शिक्षकांचा असा समूह कोणत्याही जिल्हा बोर्डाला जमवता आला नसता. म्हणून ओखल्यात जे साधले ते सर्वत्र साधेल असा निष्कर्ष काढणे चुकीचे होते. आणि ओखल्याच्या आधारावर देशभर आदेश काढणे तर त्याहून चुकीचे. तथापि या प्रयोगाने एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली. मोकळा शिक्षक आणि लहान वर्ग असेल तर कामातून भाषा येते, भाषेतून विचार येतो आणि मूल घोकंपट्टीवाचून शिकते. पद्धत फसली असे पुढे जे म्हटले गेले, त्यात पद्धतीची परीक्षा झालीच नव्हती. तिच्या अटी पाळल्यावाचून तिचे साहित्य तेवढे वाटले गेले होते.

वर्ध्याच्या अहवालातील तीसचा आकडा सत्तर वर्षांनी पुन्हा कायद्यात अवतरला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकाला शिक्षणबाह्य कामांना जुंपण्यास मनाई केली. संविधानाने १९६० पर्यंत गाठावयाचे ठरवलेले उद्दिष्ट इतक्या उशिरा हक्काच्या भाषेत आले. या तरतुदींत पहिल्या दोन कल्पनांविरुद्धचा निर्णय दडलेला आहे. शिक्षक हा सरकारचा गावातील कारकून नाही, आणि तो गावाचा कायमचा लेखनिकही नाही. परंतु कायदा मनाई करू शकतो, शिक्षकावर विश्वास टाकू शकत नाही. तो विश्वास टाकावयाचा तर शाळेची तपासणी वहीतील नोंदींनी न करता, तेथून बाहेर पडलेले मूल आपल्या गावाची हकिगत आपल्या शब्दांत लिहू शकते की नाही, या एका कसोटीने करावी लागेल. १९३७ च्या डिसेंबरात वर्ध्याच्या समितीने ही कसोटी लिहून ठेवली होती. तिला उतरतील अशा ग्रामशाळा जितक्या वाढतील, तितकाच ओखल्याच्या त्या शिक्षकांचा हिशेब चुकता झाला असे म्हणता येईल.